वाटाघाटींपासून स्वाक्षरीपर्यंत : करार-व्यवस्थापन प्रणालीची पारख

करार हा दोन पक्षांनी परस्परांना दिलेल्या शब्दाचा लेखी पुरावा होय. दिलेला शब्द पाळावा ही शिकवण जुनी आहे. परंतु तो शब्द नेमका कोणता होता, हे वाद उद्भवल्यावर कसे ठरवावयाचे, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. मराठेशाहीतील मोडी कागदपत्रे पाहिली म्हणजे त्या काळच्या कारभाऱ्यांनी या प्रश्नाचा किती बारकाईने विचार केला होता हे ध्यानात येते. पत्राचा मजकूर जेथे संपे तेथे मोर्तब, म्हणजेच मर्यादेची लहान मुद्रा, उमटविली जाई. त्या मुद्रेनंतर कोणी एक अक्षरही वाढवू नये हा तिचा हेतू. कागदाचे बंद जोडून लिहिलेल्या लांब पत्रांत जोडांवरही शिक्का उठविण्याची रीत होती. मधला बंद काढून दुसरा चिकटविला तर शिक्का तुटे आणि लबाडी उघडी पडे. ज्याला लिहिता येत नसे तो शेतकरी आपली निशाणी म्हणून नांगराची आकृती काढी.

मजकूर कोठे संपतो, मधला भाग बदललेला नाही ना, आणि खूण ज्याची त्यानेच केली आहे ना, या तीन गोष्टींची खात्री त्या पद्धतीत होती. आज करार कागदावरून संगणकाच्या पडद्यावर आला आहे. साधन बदलले, या तीन गोष्टींची गरज मात्र तशीच आहे. करार-व्यवस्थापन करणाऱ्या संगणक प्रणालींची पारख कशी करावी, हा या व्याख्यानाचा विषय आहे, आणि त्यातही वाटाघाटी व स्वाक्षरी या दोन टप्प्यांचा येथे मुख्यतः विचार केला आहे.

साधनाचा परिचय

करार-व्यवस्थापन प्रणाली म्हणजे कराराचा मसुदा तयार करणे, तो दुसऱ्या पक्षाकडे पाठविणे, त्यातील बदलांवर बोलणी करणे, सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घेणे, स्वाक्षऱ्या करविणे, करार जतन करणे आणि मुदतीची आठवण देणे ही सर्व कामे एका ठिकाणी करणारे सॉफ्टवेअर. अमेरिकेत २००३ साली स्थापन झालेली डॉक्युसाइन ही कंपनी इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीच्या सेवेमुळे जगभर परिचित झाली. २००९ साली स्थापन झालेल्या आयसर्टिस या कंपनीचे मुख्यालय अमेरिकेत असले तरी तिच्या कामाचा मोठा भाग पुण्यातून चालतो. म्हणजे या क्षेत्रातील एका अग्रेसर प्रणालीच्या घडणीत महाराष्ट्रातील अभियंत्यांचा वाटा आहे.

हा विषय केवळ मोठ्या उद्योगांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. ई-निविदा, २०१६ साली सुरू झालेली केंद्र शासनाची जेम ही खरेदी व्यवस्था आणि घरबसल्या नोंदविला जाणारा भाडेकरार यांमुळे पडद्यावरच्या कराराशी शासकीय कार्यालये व सामान्य नागरिक यांचा परिचय झालेलाच आहे. सहकारी संस्था, शाळा, नगरपरिषदा आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांना पुढील काळात अशा प्रणालीची निवड स्वतः करावी लागेल, किंवा समोरच्या पक्षाने निवडलेल्या प्रणालीत बसून करार करावा लागेल. दोन्ही प्रसंगी तिचे गुणदोष ओळखता आले पाहिजेत.

विक्रेते सामान्यतः वेगाची प्रशंसा करतात. पूर्वी महिना लागणारा करार आता तीन दिवसांत होतो, असे सांगितले जाते. वेग उपयुक्त आहेच. पण कराराची खरी कसोटी वेगळी आहे. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याच्या कलम १३ नुसार, एकाच गोष्टीला एकाच अर्थाने दोघांनी होकार दिला म्हणजे संमती झाली असे म्हणतात. ज्या गोष्टीवर बोलणी झाली त्याच गोष्टीवर स्वाक्षरी झाली, आणि ती अधिकार असलेल्या व्यक्तीने समजून-उमजून केली, हे प्रणालीमुळे सिद्ध करता येते काय, हाच पारखण्याचा मुख्य प्रश्न होय.

एक उदाहरण

हा प्रश्न उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, मराठवाड्यातील हळद पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची एक उत्पादक कंपनी आहे. मुंबईतील एका निर्यातदाराशी तिचा पुरवठ्याचा करार व्हावयाचा आहे. पहिल्या मसुद्यात तीन महत्त्वाच्या अटी आहेत. हळदीतील ओलावा १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. मालाची तपासणी विक्रेत्याच्या गोदामात उभयतांच्या समक्ष व्हावी. आणि माल ताब्यात घेतल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावेत. मसुदा निर्यातदाराच्या संगणक प्रणालीतून येतो. पुढील महिनाभर दोन्ही बाजूंचे लक्ष दरावर असते. मसुदा चार वेळा इकडून तिकडे जातो. पाचव्या मसुद्यात दर मनासारखा होतो, आणि त्याच मसुद्यात 'विक्रेत्याच्या गोदामात' या शब्दांच्या जागी 'खरेदीदाराच्या गोदामात' असे शब्द आलेले असतात.

फरक एका शब्दाचा आहे, पण त्याचा परिणाम मोठा आहे. तपासणी गावात झाली तर अधिक ओलाव्याची हळद तेथेच पुन्हा वाळविता येते. मुंबईत झाली तर पावसाळी प्रवासात माल दमट होण्याची जोखीम शेतकऱ्यांवर येते, नाकारलेला माल परत आणण्याचे भाडेही त्यांच्याच माथी बसते आणि पंधरा दिवसांची मुदत कधी सुरू झाली यावर वाद होतो. हा बदल संचालकांच्या दृष्टीस पडतो की नाही, हे पुष्कळ अंशी प्रणालीच्या रचनेवर अवलंबून असते.

वाटाघाटी : बदल दिसला पाहिजे

म्हणून वाटाघाटींच्या टप्प्यावर पहिली अपेक्षा अशी की, मसुद्यातील प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि पूर्वीचा शब्द कोणता होता, हे दोन्ही पक्षांना सारखेच दिसले पाहिजे. मसुदा प्रणालीतच दुरुस्त केला तर बहुतेक प्रणाली ही नोंद ठेवतात. अडचण येते ती मसुदा बाहेर काढून वर्डसारख्या साधनात दुरुस्त केला आणि पुन्हा आत चढविला तर. बदलांची नोंद बंद ठेवून केलेली दुरुस्ती वर्डच्या फाइलमध्ये खूण ठेवीत नाही. अशा वेळी प्रणालीने केवळ पाठविणाऱ्याने दाखविलेल्या खुणांवर विसंबू नये. मागील आवृत्ती आणि नवी आवृत्ती अक्षरशः ताडून पाहून फरक स्वतः दाखवावा.

मराठी मसुद्याच्या बाबतीत ही चाचणी विशेष काळजीने घ्यावयास हवी. 'मुदतवाढ देण्यात येईल' आणि 'मुदतवाढ न देता येईल' यांत अर्थाचे अंतर मोठे व अक्षरांचे थोडे. 'तीस दिवसांच्या आत' आणि 'तीस दिवसांनंतर' यांचेही तसेच. कागदावरील मसुदा स्कॅन करून प्रणालीत घेतला तर पुसट छपाईतील १ आणि ९ या मराठी अंकांची अदलाबदल होऊ शकते. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकातील मजकूर तर प्रणालीला निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, आणि मग त्यातील बदल तिला ओळखता येत नाही. इंग्रजी मसुद्यावर उत्तम चालणारी प्रणाली मराठी मसुद्यावरही चालते काय, हे आपल्या कार्यालयातील खऱ्या मसुद्यावर पाहिल्याशिवाय मान्य करू नये.

दुसरी अपेक्षा समान संधीची. अनेक प्रणालींत नमुना मसुदे आणि ठराविक कलमांचा संग्रह असतो. कोणत्या कलमावर किती नमते घ्यावयाचे, याच्या सूचनाही आपल्या माणसांसाठी नोंदविता येतात. ही सोय उपयुक्त आहे. परंतु ती प्रणाली विकत घेणाऱ्या पक्षाच्या सोयीची असते. समोरच्या पक्षाला मसुदा दुरुस्त करण्याचा, आक्षेप नोंदविण्याचा आणि आपल्या सल्लागारास तो दाखविण्याचा मार्ग आहे, की केवळ 'मान्य' असे लिहिलेले बटण आहे, हे पाहिले पाहिजे. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली असे म्हटले की, अतिशय विषम बळ असलेल्या पक्षांमधील ठराविक नमुन्याच्या करारातील अन्यायकारक अट सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असल्याने टिकू शकत नाही. प्रणाली विकत घेणाऱ्या बलिष्ठ पक्षानेही हे ध्यानात ठेवणे त्याच्याच हिताचे आहे. ज्या करारात दुर्बळ पक्षाला बोलण्याची संधी मिळाली होती, त्याचा पाया न्यायालयात अधिक भक्कम ठरतो.

उत्पादक कंपनीच्या अनेक संचालकांकडे मोबाइल असतो, संगणक नसतो. लहान पडद्यावर मसुद्यातील बदल ठळक दिसतात, की केवळ अखेरचा स्वच्छ मजकूर दिसतो, ही बाब क्षुल्लक वाटली तरी तिला महत्त्व आहे. हळदीच्या उदाहरणातील तो एक शब्द पडद्यावर रंगीत दिसला असता तर कोणी तरी विचारले असते.

तिसरी अपेक्षा गोपनीयतेची. आपल्या कार्यालयातील टिपणी आणि समोरच्या पक्षासाठी लिहिलेला शेरा यांची सरमिसळ होता कामा नये. चौथी अपेक्षा मान्यतेसंबंधी. सक्षम प्राधिकाऱ्याने मान्य केलेल्या मसुद्यात नंतर बदल झाला तर आधीची मान्यता आपोआप रद्द होऊन मसुदा पुन्हा त्याच्यापुढे गेला पाहिजे. नस्तीवर एक मसुदा मंजूर आणि प्रत्यक्षात दुसऱ्यावर सही, हा दोष कागदाच्या काळातही होता. संगणकाने तो अधिक वेगाने करू नये.

काही नव्या प्रणाली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने कराराचा सारांश देतात आणि जोखमीची कलमे दाखवितात. अशा सारांशाने वाचकाचे लक्ष योग्य कलमाकडे वळत असेल तर तो उपयोगी. परंतु यंत्राचा सारांश चुकू शकतो, एखादा अपवाद गाळू शकतो. स्वाक्षरी सारांशावर होत नाही, मूळ मजकुरावर होते. म्हणून मूळ मजकूर वाचण्याची जबाबदारी कायम राहते.

बोलणी केवळ प्रणालीतच होत नाहीत. दूरध्वनी, ई-मेल व संदेश यांतूनही होतात. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या २०१० सालच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ई-मेलच्या देवाणघेवाणीतून करार पूर्ण झाल्याचे मानले. औपचारिक करारनाम्यावर सही झालेली नव्हती, एवढ्यावरून तो नाकारता आला नाही. म्हणून बाहेरची बोलणी प्रणालीतील नोंदीला जोडण्याची सोय असावी, आणि अंतिम स्वाक्षरीपर्यंत काहीही बंधनकारक नाही असा हेतू असेल तर तो आरंभीच स्पष्ट लिहावा.

सार्वजनिक खरेदीची मर्यादा

शासकीय अधिकाऱ्यांनी येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. खाजगी व्यवहारात वाटाघाटी हा कराराचा प्राण असतो. सार्वजनिक निविदेत मात्र त्यांना कडक मर्यादा आहेत. निविदा उघडल्यानंतर, अपवादात्मक परिस्थिती वगळता, न्यूनतम दर देणाऱ्याशीही वाटाघाटी करू नयेत, असे केंद्रीय दक्षता आयोगाने आपल्या अखत्यारीतील संस्थांना मार्च २००७ मध्ये कळविले. अटींविषयी शंका असतील तर त्या निविदापूर्व बैठकीत उपस्थित व्हाव्यात आणि झालेला बदल शुद्धिपत्रकाने सर्वांना एकाच वेळी कळावा, ही न्याय्य पद्धत होय.

यास्तव सार्वजनिक संस्थेसाठी घेतलेल्या प्रणालीत वाटाघाटीचा विभाग किती सोयीचा आहे एवढे पाहून भागत नाही. आवश्यक तेथे तो बंद करता येतो काय, हेही पाहावे लागते. एका निविदाकाराला उघडलेले संवादाचे दार इतरांसाठी बंद राहिले तर प्रणालीतील सुबक नोंदी त्या पक्षपाताचाच पुरावा ठरतील.

स्वाक्षरी : कोणाची आणि कशावर

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली. २००८ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी ही अधिक व्यापक संकल्पना आणली आणि कलम १०-अ अन्वये, केवळ इलेक्ट्रॉनिक साधनाने झाला या कारणास्तव करार निरर्थक ठरणार नाही, हे स्पष्ट केले. तथापि पडद्यावर सही म्हणून जे दिसते ते सर्व सारख्याच मोलाचे नसते.

कागदावरील सहीचे छायाचित्र मसुद्यावर चिकटविणे हा सर्वांत कच्चा प्रकार; ते कोणीही चिकटवू शकतो. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून 'मान्य' करणे हा दुसरा प्रकार. यातून करार होऊ शकतो, परंतु वाद झाल्यास तो मोबाइल कोणाच्या हाती होता येथपासून पुरावा द्यावा लागतो. परवानाधारक प्रमाणन प्राधिकाऱ्यामार्फत आधारच्या ओळखीवर होणारी ई-साइन आणि डोंगलमध्ये साठविलेल्या प्रमाणपत्राने केलेली डिजिटल स्वाक्षरी हे प्रकार कायद्याने विहित केलेल्या पद्धतीत बसतात. विक्रेता केवळ 'स्वाक्षरीची सोय आहे' असे म्हणाला तर ती यांपैकी कोणती, हा प्रश्न लगेच विचारावा.

डिजिटल स्वाक्षरीमागील तत्त्व समजण्यास कठीण नाही. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली जोडीच्या किल्ल्यांची कल्पना प्रसिद्ध केली. एक किल्ली गुप्त, तर दुसरी सर्वांना ज्ञात. स्वाक्षरी करताना प्रथम मजकुरावरून गणिती रीतीने एक लहान ठसा काढला जातो. त्याला मजकुराचा अंगठा म्हणता येईल. हा ठसा गुप्त किल्लीने बांधला जातो. पुढे मजकुरातील एक अनुस्वार जरी बदलला तरी नवा ठसा जुन्याशी जुळत नाही. मोडी पत्राच्या जोडावरील शिक्क्याचे काम आता हे गणित करते.

पण हे गणित फाइलच्या ज्या भागावर लावले तेवढ्याचेच रक्षण करते. म्हणून करारातील सर्व परिशिष्टे, दरपत्रके व नकाशे स्वाक्षरीच्या कक्षेत आले आहेत काय, ते पाहावे. मुख्य करारावर सही आणि दरपत्रक स्वतंत्र फाइलमध्ये सहीविना, अशी स्थिती धोक्याची. पडताळणी करणारे साधनही विश्वसनीय हवे. जर्मनीतील बोखुम येथील रुर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले की, तपासलेल्या २२ पीडीएफ वाचकांपैकी २१ साधनांना, मजकूर बदललेला असतानाही, स्वाक्षरी ग्राह्य असल्याचे भासविता येत होते. पुढे साधने सुधारली गेली. धडा मात्र उरतो. पडद्यावर हिरवी खूण दिसली एवढ्याने समाधान मानू नये. वाचक अद्ययावत ठेवावा आणि महत्त्वाच्या कराराची पडताळणी दुसऱ्या स्वतंत्र साधनानेही करावी.

सही करणाऱ्यास अधिकार होता काय, हे गणित सांगू शकत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९ नुसार राज्य शासनाचा करार राज्यपालांच्या नावे व त्यांच्या वतीने प्राधिकृत व्यक्तीनेच केला पाहिजे. ग्रामपंचायत ही स्वतःच्या नावे करार करू शकणारी निगम संस्था आहे. तेथेही ठराव आणि अधिकार यांची साखळी लागते. प्रणालीत प्राधिकृत व्यक्तींची यादी, त्यांची आर्थिक मर्यादा आणि बदलीनंतर अधिकार त्वरित काढून घेण्याची सोय असली पाहिजे.

डोंगल कोणाच्या हाती?

या विषयातील सर्वांत नाजूक प्रश्न तंत्राचा नसून सवयीचा आहे. ग्रामपंचायतींच्या ई-ग्रामस्वराज व्यवस्थेत देयकांसाठी डिजिटल स्वाक्षरी लागते. कंपन्यांच्या संचालकांना शासकीय विवरणपत्रांसाठी ती लागते. आणि अनेकदा हे डोंगल पिनसह संगणक चालविणाऱ्याच्या किंवा हिशेबनीसाच्या कपाटात पडलेले असते. सोय म्हणून सुरू झालेली ही पद्धत म्हणजे कोऱ्या कागदांवर सह्या करून ते दुसऱ्याच्या हवाली करण्यासारखीच आहे.

कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४२ प्रमाणे आपल्या गुप्त किल्लीवर ताबा राखण्याची वाजवी दक्षता स्वाक्षरीधारकाने घेतली पाहिजे. ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास त्याने प्रमाणन प्राधिकाऱ्यास विनाविलंब कळवावे, आणि कळवीपर्यंत त्याचे दायित्व त्याच्यावरच राहते. एखाद्या सरपंच भगिनीने डोंगल कधी हातातही घेतले नसेल, तरी त्यातून झालेली सही तिचीच मानली जाण्याचा धोका आहे. नांगराची निशाणी काढणारा शेतकरी निरक्षर असेल. पण ती निशाणी तो आपल्या हाताने काढीत असे. साक्षर प्रतिनिधीची स्वाक्षरी दुसऱ्याच्या हाताने व्हावी ही प्रगती म्हणता येणार नाही.

म्हणूनच प्रणाली तपासताना सही करणाऱ्याची वाट पाहावी. सही करण्यापूर्वी संपूर्ण मजकूर त्याच्यापुढे उघडतो काय? मागील मसुद्यापासूनचे बदल पुन्हा एकदा दाखविले जातात काय? सहीची सूचना त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर जाते काय? एका बटणाने पन्नास करारांवर सही करता येत असेल तर ती सोय बंद ठेवता येते काय? सही नाकारण्याचे आणि कारण लिहिण्याचे ठिकाण तितकेच ठळक आहे काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर ती प्रणाली संमतीचे रक्षण करते असे म्हणता येईल.

मुद्रांक, नोंदणी आणि पुरावा

डिजिटल सही झाली म्हणजे मुद्रांक शुल्क टळते हा गैरसमज आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात दस्तऐवज या संज्ञेत इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचाही समावेश होतो. राज्यात निष्पादित होणाऱ्या दस्तऐवजावर सहीपूर्वी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढील कामकाजाच्या दिवशी मुद्रांक लागला पाहिजे. मुद्रांक नसलेला करार मुळातच शून्य ठरत नाही, परंतु शुल्क व शास्ती भरेपर्यंत तो पुराव्यात घेता येत नाही, हा भेद सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केला. प्रणालीने मुद्रांकाचा तपशील नोंदविल्याखेरीज सहीचा टप्पा पुढे जाऊ देऊ नये, ही अपेक्षा वाजवी आहे.

मृत्युपत्र आणि न्यास यांसारख्या दस्तऐवजांना माहिती तंत्रज्ञान अधिनियम लागू नाही. स्थावर मिळकतीच्या विक्रीचे करार २०२२ साली त्या यादीतून काढण्यात आले, तरी नोंदणीच्या कायद्याची आवश्यकता संपलेली नाही. कोणता दस्तऐवज या मार्गाने करता येत नाही, हे सांगणारी प्रणाली अधिक प्रामाणिक समजावी.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात सादर करताना प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात अभिलेखाचा गणिती ठसा नमूद करावा लागतो. प्रणालीतून करार, त्याचा ठसा आणि सर्व घडामोडींची कालानुक्रमे नोंद सहज बाहेर काढता आली पाहिजे. डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र सामान्यतः दोन-तीन वर्षांचे असते, करार मात्र दहा वर्षांचा असू शकतो. सही झाली त्या क्षणी प्रमाणपत्र वैध होते, हे पुढेही दाखविता यावे म्हणून विश्वसनीय वेळेची मोहोर आणि पडताळणीची माहिती फाइलमध्येच साठविलेली हवी. तसेच उद्या विक्रेता बदलला तर जुने करार आपल्या हाती राहतील, याची खात्री खरेदीच्या वेळीच लेखी घ्यावी.

चाचणी कशी घ्यावी?

प्रात्यक्षिकाच्या दिवशी विक्रेत्याने आणलेला मसुदा नेहमीच सुरळीत चालतो. म्हणून कार्यालयाने आपल्या कपाटातील एक जुना, पूर्ण झालेला मराठी करार घ्यावा. कर्मचाऱ्यांचे दोन गट करून एकाने खरेदीदाराची व दुसऱ्याने विक्रेत्याची भूमिका घ्यावी. एका गटाने दहा बदल गुपचूप करावेत. एक अंक, एक 'न', मुदतीचा एक शब्द, परिशिष्टातील एक दर असे ते असावेत. काही प्रणालीत, काही बाहेर वर्डमध्ये. दहांपैकी किती बदल दुसऱ्या गटाला दिसले, हे मोजावे. मान्यतेनंतर एक बदल करून मान्यता रद्द होते काय, ते पाहावे. सही झालेल्या फाइलमधील एक अक्षर बदलून पडताळणी ते पकडते काय, ते पाहावे. एका सदस्याने केवळ मोबाइलवर सर्व प्रक्रिया करून दाखवावी. शेवटी, या चाचणीत भाग न घेतलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याला नोंदी देऊन करार कसा घडला हे सांगावयास लावावे. तीन वर्षांनी बदलून आलेल्या अधिकाऱ्याची जी स्थिती असेल तीच त्याची असते.

गुणांकन करताना एक सावधगिरी बाळगावी. रंगसंगती, आठवणपत्रे, तक्ते यांचे गुण आणि अदृश्य बदल पकडण्याचे गुण एकाच बेरजेत मिसळू नयेत. बदल दिसणे, अधिकार तपासणे, सही झालेला मजकूर अभंग राहणे आणि नोंदी बाहेर काढता येणे या चार गोष्टी अनिवार्य समजाव्यात. यांपैकी एकीतही नापास झालेली प्रणाली एकूण गुणांत पहिली आली तरी घेऊ नये. शाळेत भाषेत नापास झालेल्या विद्यार्थ्याला चित्रकलेच्या गुणांवर उत्तीर्ण करीत नाहीत, तसेच हे आहे.

शिक्षकांना या कामी मोठी कामगिरी करता येईल. ग्रामसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत ओटीपी सांगणे म्हणजे सही करणे आहे आणि डोंगल देणे म्हणजे कोरा कागद देणे आहे, एवढे जरी समजावून सांगितले तरी पुष्कळ हानी टळेल. अधिकाऱ्यांनी मराठी मसुद्यावर चाचणीचा आग्रह धरावा. पंचायत सदस्यांनी सहीपूर्वी करार वाचून दाखविण्याची मागणी करण्यात संकोच मानू नये.

हळदीच्या त्या करारात पाचवा मसुदा उघडताना प्रणालीने बदललेला शब्द दाखविला असता, आणि सही करणाऱ्या संचालकाने डोंगल स्वतःच्या खिशातून काढून मजकूर वाचला असता, तर तपासणी गावच्या गोदामातच झाली असती. कदाचित दर थोडा कमी मिळाला असता. पण जे ठरले ते दोघांनाही ठाऊक असते. चांगल्या प्रणालीकडून अपेक्षा इतकीच आहे, आणि ती पुरी होते की नाही हे प्रत्येक कार्यालयाने स्वतः तपासून मगच आपली सही करावी.